सशाला शिंगे सोपी, कान अवघड

आपल्या जुन्या तर्कग्रंथांत, अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचे उदाहरण म्हणून 'शशशृंग' म्हणजे सशाचे शिंग नेहमी दिले जाते. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात १९३० च्या दशकात डग्लस हेरिक यांनी हे शशशृंगही करून दाखवले. त्यांनी सशाच्या डोक्याचे चर्मपूरण केले, त्यावर हरणाची छोटी शिंगे बसवली आणि 'जॅकलोप' नावाचा नवा प्राणी भिंतीवर टांगला. पुढे असे हजारो नमुने विकले गेले. गंमत म्हणून हे ठीक आहे. पण त्यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सशाच्या डोक्यावर नसलेली शिंगे चिकटवणे कुणालाही जमते. त्याचे असलेले कान जसेच्या तसे टिकवणे मात्र मोठमोठ्या कारागिरांनाही जड जाते.

या लेखात आम्ही लहान सस्तन प्राण्यांच्या चर्मपूरणाचे, म्हणजे टॅक्सिडर्मीचे, परीक्षण करणार आहोत. परीक्षणाची कसोटी म्हणून आम्ही एकच अवयव घेतला आहे, तो म्हणजे कान. संग्रहालयात गेलेला विद्यार्थी आधी डोळे पाहतो, मग दात. पण डोळे काचेचे असतात, ते दुकानातून आणलेले असतात. दात हाडासारखे टिकाऊ असतात. कारागिराचे ज्ञान, कसब आणि प्रामाणिकपणा यांची खरी परीक्षा कानात होते, असे आमचे म्हणणे आहे.

कानच का?

आधी 'पेंढा भरणे' हा आपला शब्दप्रयोग पाहू. वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. तिथे वासराच्या आकाराला फारसे महत्त्व नसते, कारण गाय प्रामुख्याने वासाने ओळखते. त्या वासराचे कान वाकडे असले तरी बिघडत नाही. संग्रहालयातील प्रेक्षकाला मात्र वास घेता येत नाही आणि हातही लावता येत नाही. त्याच्याजवळ फक्त डोळे. त्यामुळे तिथे आकार हेच सर्वस्व ठरते.

आकार बिघडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे जास्त भरणे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील वॉलरस हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. कॅनडातील हडसन उपसागराच्या परिसरातून आलेला हा प्राणी १८८६ च्या वसाहतींच्या प्रदर्शनात मांडला होता. वॉलरसच्या अंगावर मोठमोठ्या वळ्या असतात, हे भरणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्याने कातडे ताणून ताणून भरले आणि तो आजही फुग्यासारखा तट्ट फुगून बसला आहे. त्या कारागिराची एका बाबतीत मात्र सुटका झाली. वॉलरसला बाहेर दिसणारी कानाची पाळी नसते!

दुसरी तऱ्हा म्हणजे आटणे, आणि ती कानाची खास व्याधी आहे. पाय, पाठ, मान यांच्या कातड्याखाली कारागीर स्वतः तयार केलेला साचा घालतो. कानात असा साचा घालायला जागाच नसते. कान म्हणजे कूर्चेचा पातळ पत्रा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली त्वचा. ही कूर्चा लवचिक जातीची असते. आपल्या कानाची पाळी दुमडून सोडली की ती लगेच पूर्ववत होते, ती या कूर्चेतील लवचिक तंतूंमुळे. पण हा लवचिकपणा कूर्चेतील पाण्यावर अवलंबून असतो. मृत्यूनंतर पाणी उडून गेले की कूर्चा आक्रसते, वळते आणि मुरगळते. अळूचे पान उन्हात टाकल्यावर जसे कडेने आत वळते, तसाच हा प्रकार. उंदराचा कान तर इतका पातळ असतो की कातडे काढून ठेवल्यावर बाकीचे काम संपेपर्यंत तो सुकलेला असतो.

कान कसा तयार करतात?

लहान प्राण्याचे कातडे डोक्यावरून सोलत आणताना कानाची नळी कवटीला अगदी लागून कापतात. म्हणजे कानाचे बूड कातड्याबरोबर राहते. बुडाशी असलेले मांस काढून टाकले नाही तर ते कुजते आणि तिथले केस झडतात. यानंतरचे काम नाजूक. बोथट केलेली सळई किंवा तसेच एखादे हत्यार घेऊन कानाच्या मागच्या बाजूची त्वचा कूर्चेपासून हळूहळू सुटी करत कडेपर्यंत जायचे. कड फाटली की फाटली, कारण तिथे टाका घालण्याइतकी जाडीच नसते. पुढची, म्हणजे खोलगट बाजूची त्वचा कूर्चेला फार घट्ट चिकटलेली असते. म्हणून सशासारख्या प्राण्यात पुष्कळ कारागीर कूर्चा तशीच ठेवतात. मधल्या पोकळीत टाकणखार किंवा दुसरे परिरक्षक द्रव्य लावतात आणि कान पुन्हा सुलटा करतात.

यापुढे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात कान दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांत धरतात, टाचण्यांनी किंवा चिमट्यांनी पक्का करतात आणि सावकाश वाळू देतात. वाळेपर्यंत रोज पाहावे लागते. दुसऱ्या मार्गात कूर्चा काढून टाकून तिच्या जागी कृत्रिम पत्रा घालतात. यासाठी पूर्वी शिसे किंवा कागदाचा लगदा वापरत. आता तयार प्लास्टिकचे कान मिळतात. मोटारीच्या पत्र्यावरचे खड्डे भरायला गॅरेजवाले जी पुट्टी लावतात, तशीच पुट्टीही सर्रास वापरली जाते. शेवटी कानाच्या बुडाशी माती किंवा तसेच काही भरून जिवंतपणी तिथे असलेल्या स्नायूंचा उंचवटा द्यावा लागतो. हा उंचवटा विसरला की कान डोक्यातून उगवल्यासारखा न दिसता डोक्यावर खोचल्यासारखा दिसतो. आपल्याकडच्या जुन्या नमुन्यांत हा दोष बऱ्याच वेळा आढळतो.

दोन्ही मार्गांची किंमत मोजावी लागते. कूर्चा ठेवली तर कान थोडाफार आटतोच. कूर्चा काढून पुट्टी भरली तर आकार टिकतो, पण कान जाड आणि अपारदर्शक होतो. पांढऱ्या सशाच्या मागे सूर्य असताना त्याचे कान पाहावेत. ते गुलाबी उजळतात आणि त्यातील रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसते. हे जाळे शोभेसाठी नाही. उष्मा वाढला की सशाच्या कानातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातील उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. थंडीत त्या आकुंचन पावतात. पुट्टी भरलेल्या कानातून प्रकाश आरपार जात नाही. आतून गुलाबी रंग मारला तरी तो बाहुलीच्या गालासारखाच दिसतो. सशाचा कान हा ऐकण्याचा अवयव आहे तसाच अंग थंड ठेवण्याचाही आहे, ही गोष्ट असा नमुना सांगू शकत नाही.

तीन नमुने, तीन भूमिका

आता प्रत्यक्ष कलाकृतींकडे वळू. आम्ही तीन निवडल्या आहेत, कारण त्यांतून तीन वेगळ्या भूमिका दिसतात.

पहिली इंग्लंडमधील वॉल्टर पॉटर (१८३५–१९१८) यांची. ससेक्स परगण्यातील ब्रॅम्बर या खेड्यात त्यांचे छोटे संग्रहालय होते. १८८८ च्या सुमारास त्यांनी 'सशांची गावशाळा' तयार केली. सशाची ४८ पिले त्यात बाकांवर बसून लिहिण्यात आणि शिवणकामात गुंतलेली आहेत. पॉटर यांच्या लोकप्रियतेविषयी वाद नाही. त्यांच्या पश्चातही लोक हे पाहायला येत राहिले. २००३ साली लिलावात हा संग्रह विखुरला, तेव्हाही पुष्कळांना हळहळ वाटली. मुलांना ही शाळा आवडणारच. पण विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? पाठ माणसासारखी ताठ केली, पुढच्या पायांचे हात केले, मागच्या पायांना बाकावर बसवले. माणसासारखा करता आला नाही तो एकच अवयव, कान. त्यामुळे त्या वर्गात कान फक्त 'हा ससा आहे' एवढे सांगणाऱ्या पाटीचे काम करतो. ससा कान कशासाठी वापरतो, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. पॉटर यांनी ससे दाखवले नाहीत, सशांच्या कातड्यात मुले दाखवली. नकला करणारा कलावंत म्हणून ते मोठे असतील, पण निसर्गाचे शिक्षक म्हणून आम्ही त्यांना मान्यता देणार नाही.

दुसरी कार्ल एकली (१८६४–१९२६) यांची. अमेरिकेतील मिलवॉकी येथील सार्वजनिक संग्रहालयात त्यांनी १८९० साली मस्करॅट या प्राण्यांचा देखावा केला. तो आजही तिथे पाहायला मिळतो. मस्करॅट म्हणजे आपली चिचुंद्री नव्हे. आपल्याकडच्या इंग्रजी लिखाणात चिचुंद्रीलाही तेच नाव दिले गेल्याने घोटाळा होतो. चिचुंद्री कीटक खाणाऱ्या प्राण्यांच्या गटात मोडते. मस्करॅट हा उत्तर अमेरिकेतील, पाण्यात राहणारा मोठा कृंतक आहे. एकली यांनी प्राणी एकेकटे फळीवर न ठोकता त्यांच्या घरासह आणि पाणवनस्पतींसह मांडले. पुढे मोठ्या प्राण्यांसाठी त्यांनी आधी मातीत स्नायूंसकट पुतळा घडवायचा, त्यावरून हलका साचा काढायचा आणि त्यावर कातडे चढवायचे ही पद्धत नावारूपाला आणली. 'भरणे' हा शब्द तेव्हापासून खरे तर चुकीचा ठरला.

या देखाव्यात कानाच्या दृष्टीने काय आहे? मस्करॅटचा कान इतका आखूड असतो की तो दाट केसांत जवळजवळ बुडून जातो. पाण्यात पोहणाऱ्याला लांब कान अडचणीचेच. इथे आजूबाजूचे पाणी पाहिले की आखूड कानाचे कारण आपोआप कळते. कानाचा अर्थ कानात सापडत नाही, तो प्राण्याच्या परिसरात सापडतो. हे दाखवणे ही एकली यांची मोठी कामगिरी होय. आक्षेप एकच घ्यावासा वाटतो. असा देखावा इतका पटतो की त्यात खरे किती आणि केलेले किती, हे विचारण्याचे भान प्रेक्षकाला राहत नाही.

तिसरा नमुना अगदी आपल्याजवळचा आहे आणि तो सहसा प्रदर्शनात नसतो. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ ते १९२३ या काळात हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण केले. त्याचा पहिला अहवाल खानदेशचा होता. या सर्वेक्षणात जमवलेली उंदीर, खारी, चिचुंद्र्या यांची कातडी कापूस भरून सपाट, पाय लांब करून ठेवलेली असतात. डोळ्यांच्या जागी काच नसते, कापूस दिसतो. कान वाळून चुरगळलेले असतात. शोभेच्या दृष्टीने शून्य! पण पायाला बांधलेली चिठ्ठी पाहावी. तीवर स्थळ, तारीख आणि लिंग यांबरोबर चार मापे असतात: अंगाची लांबी, शेपटी, मागचे पाऊल आणि कान. ही मापे प्राणी ताजा असतानाच घेतलेली असतात. कानाचे माप त्याच्या बुडाशी असलेल्या खाचेपासून टोकापर्यंत मिलिमीटरमध्ये घेतात.

आम्हाला या तिन्हींत सर्वांत प्रामाणिक वाटतो तो हाच कुरूप नमुना. कान टिकणार नाही हे त्या संग्राहकाला ठाऊक होते. म्हणून त्याने कान टिकवल्याचा आव आणला नाही, आकडा लिहून ठेवला. वस्तू जिथे साक्ष द्यायला अपुरी पडते तिथे नोंद साक्ष देते. विज्ञान शिकवताना आपण मुलांना जी सवय लावू पाहतो, ती हीच.

वटवाघळाचा धडा

काही प्राण्यांच्या बाबतीत वाळवलेला नमुना करणेच अपुरे ठरते. आपल्या लेण्यांत आणि जुन्या वाड्यांत मोठ्या कानांचे एक मांसाहारी वटवाघूळ राहते. इंग्रजीत त्याला फॉल्स व्हँपायर म्हणतात. त्याचे दोन्ही कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात आणि कानाच्या भोकापुढे दुभंगलेली एक उभी पाकळी असते. वटवाघळांच्या जाती ओळखताना ही पाकळी फार उपयोगी पडते. वाळवलेल्या कातड्यात नेमकी तीच आकसून वेडीवाकडी होते. म्हणून संग्रहालये वटवाघळे मद्यार्कातही ठेवतात. तिथे रंग उतरतो, पण आकार राहतो. रंग हवा की आकार, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही मिळाल्याचा दावा करणारा नमुना दिसला तर त्याच्या कानाकडे जरा संशयाने पाहावे.

दिखाऊ सावधपणा

आणखी एक दोष आम्हाला जवळजवळ सगळीकडे आढळतो. पूरण केलेल्या सशाचे दोन्ही कान सरळ उभे आणि एकाच दिशेला असतात. जिवंत ससा आपले कान वेगवेगळे फिरवू शकतो. एक पुढे, एक मागे, अशी त्याची नेहमीची पाहणी चालू असते. माळरानावरचा आपला काळ्या मानेचा ससा धोका वाटला की जमिनीला चिकटून बसतो आणि कान पाठीवर आडवे टाकतो. उभे कान म्हणजे सशाच्या दिवसातील एकच क्षण. संग्रहालयांनी तोच क्षण कायमचा केला, कारण तो करायला सोपा आणि पाहायला गोंडस. शंभर नमुन्यांत शंभरदा तेच दिसले की ससा म्हणजे उभे कान, असे समीकरण मुलांच्या मनात पक्के होते. मग माळावर पाठीला कान चिकटवून बसलेला खरा ससा त्यांच्या नजरेतून निसटतो.

शाळेतले कपाट

हे सारे शिक्षकांसाठी का लिहावे? कारण अनेक जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत एखादे काचेचे कपाट असते आणि त्यात एखादी खार, मुंगूस किंवा ससा असतो. त्यांच्याविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

पहिली आरोग्याची. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेट्झ शहरातील औषधविक्रेते झां-बाप्तिस्त बेकर यांनी सोमलयुक्त साबण शोधून काढला. किडीपासून कातडे वाचवण्यासाठी तो पुढे जगभर वापरला गेला, अगदी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. सोमल उडून जात नाही आणि निकामीही होत नाही. म्हणून कोणताही जुना नमुना विषारी आहे असेच धरून चालावे. कानाच्या बुडाशी, डोळ्यांभोवती, शिवणीवर पांढरी भुकटी दिसली तर अधिकच सावध राहावे, आणि भुकटी दिसली नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये. असा नमुना मुलांच्या हाती देऊ नये, ब्रशने झटकू नये, फुंकर मारू नये. तो बंद काचेतच ठेवावा आणि जवळच्या संग्रहालयातील जाणकारांचा सल्ला घ्यावा.

दुसरी कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. संरक्षित वन्य प्राणी मेलेला सापडला तरी परवानगीवाचून त्याचे कातडे काढणे, पूरण करणे किंवा ते बाळगणे चालत नाही. उत्साही विद्यार्थ्याने रस्त्यावर मेलेले मुंगूस वर्गात आणू नये, हे त्याला आधीच समजावून सांगावे. मेलेल्या वन्य प्राण्यांचे शास्त्रशुद्ध पूरण करण्यासाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली केंद्र सुरू झाले. हे काम अशाच ठिकाणी व्हायला हवे.

मग वर्गात काय करावे? कातडे न सोलताही कान शिकवता येतो. गल्लीतली मांजर, गोठ्यातली शेळी, झाडावरची खार यांचे कान मुलांना दहा मिनिटे नुसते पाहायला सांगावे. दोन्ही कान एकाच वेळी हलतात का? आवाज आला की आधी काय वळते, कान की मान? मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेवर, खालच्या बाजूला, त्वचेची एक छोटी पिशवी असते. ती किती जणांनी पाहिली आहे? या निरीक्षणांच्या वहीसह मुलांना संग्रहालयात न्यावे आणि तिथल्या नमुन्याला प्रश्न विचारायला सांगावे. कानाच्या बुडाशी उंचवटा आहे का? कड आत वळली आहे का? मागून प्रकाश आला तर आरपार दिसतो का? हा कान प्राण्याचा आहे की कारागिराचा?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी खरे तर संग्रहालयाची आहे. आमची सूचना साधी आहे. जुन्या कातड्याच्या चिठ्ठीवर कानाचे माप असते, तसे प्रदर्शनातील नमुन्याच्या पाटीवर दोन ओळी वाढवाव्यात: कातडे आणि केस मूळचे, डोळे, नाक आणि कानाची आतली बाजू कृत्रिम. यामुळे नमुन्याची किंमत कमी होणार नाही. उलट, पाहणाऱ्या मुलाला खरे आणि केलेले यांतला फरक विचारायची सवय लागेल, आणि मग त्याच्यापुढे कुणी शिंगे असलेला ससा आणून ठेवला तरी ते फसणार नाही.